न दुखणाऱ्या दुखण्याची गोळी

सीतादहीची पूजा आटोपून कापसाची वेचणी लागली की विदर्भातल्या गावांत दवाखान्याची वारी मागे पडते. मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोचा भाव ठरवून घेतो, आणि घरातलं एक धडधाकट माणूस दिवसभर तालुक्याला अडकलं तर तेवढा कापूस झाडावरच राहतो. याच दिवसांत बऱ्याच घरांच्या कोनाड्यातली, हार्ट अटॅक किंवा लकव्यानंतर रोज घ्यायच्या ॲस्पिरिनची पट्टी संपते. संपल्यावर काहीच होत नाही. छाती दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक लागते, झोप लागते. "काहून खाऊ आता? काही दुखून तर नाही राह्यलं," असं म्हणणारे काकाजी अडाणी नसतात. अनुभवावरून माणूस जे ठरवतो तेच ते ठरवत असतात. साखरेची गोळी सोडली की लघवी वाढते, दम्याचा पंप सोडला की छाती वाजते. ही गोळी घेतली तरी कळत नाही आणि सोडली तरी कळत नाही. तिचं सगळं काम न घडलेल्या गोष्टीत असतं, आणि न घडलेली गोष्ट कोणाला दाखवता येत नाही.

म्हणून ती आत नेमकं काय करते हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात, एका घन मिलिमीटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख. पावसात धुऱ्याला भगदाड पडलं की शेतकरी हाताशी येईल ते टाकून ते बुजवतो, तसं शीर फाटली की या पेशी तिथे चिकटतात आणि आणखी पेशींना हाक मारतात. विळ्याने बोट कापलं तेव्हा त्यांनीच जीव वाचवलेला असतो. पण हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत चरबीचा जो थर साचलेला असतो त्याचं पातळ आवरण फाटलं, तर प्लेटलेट त्यालाही जखमच समजतात. तिथे बांधलेली गुठळी काही मिनिटांत धमनी बंद करू शकते.

ॲस्पिरिन या हाक मारण्याच्या कामात आडवी येते: हाकेला लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ती कायमचं बंद करते. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, त्यामुळे एकदा तिचं ते विकर बंद पडलं की ती नवं बनवू शकत नाही. जगेल ते सात ते दहा दिवस ती मुकीच राहते. म्हणूनच ७५ मिलिग्रॅमसारखी चिमूटभर मात्रा पुरते. पण हाडांतल्या मगजातून रोज सुमारे दहा टक्के नव्या प्लेटलेट येत राहतात, आणि आजची गोळी मुख्यतः या नव्यांसाठी असते. एक दिवस चुकला तर फार बिघडत नाही. गोळ्या पुरत्या थांबल्या, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत मोकळ्या प्लेटलेट इतक्या होतात की गुठळी बांधायला त्या पुरतात, आणि दहा दिवसांत सगळं पूर्ववत होतं. वेचणीच्या घाईत गोळीविना गेलेल्या आठवड्यातले शेवटचे तीन-चार दिवस या हिशेबात संरक्षण जवळजवळ उठलेलं असतं. क्लोपिडोग्रेल ही याच कामाची दुसरी गोळी, तीही प्लेटलेटला कायमचीच अडवते, फक्त दुसऱ्या दाराने. टिकाग्रेलॉरची पकड सुटणारी असते, म्हणून ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि तिचा खाडा लवकर भोवतो.

एवढ्या स्वस्त गोळीवर कोणाचा विश्वास बसत नाही हीही एक अडचणच आहे. ७५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन अजूनही रुपयाच्या आत मिळते. ती रसायनशाळेत शुद्ध स्वरूपात बनली १८९७ मध्ये, जर्मनीत, अंगदुखीसाठी. प्लेटलेटशी तिचा संबंध लागायला पुढची सत्तरएक वर्षं गेली. ती नेमकी कुठे काम करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८८ मध्ये सतरा हजारांवर रुग्णांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ज्यांना हार्ट अटॅक आल्याबरोबर सुरू करून महिनाभर रोज १६० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन दिली, त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्याने घटले. महागडी सुई लावली की औषध लागू पडतं असं मानणाऱ्या मुलुखात ही गोष्ट वारंवार सांगायला हवी.

ज्यांच्या धमनीत स्टेंट बसवला आहे त्यांचं प्रकरण जास्त नाजूक. जन आरोग्य योजनेमुळे नागपूर, सेवाग्राम, अमरावतीला अँजिओप्लास्टी होऊन माणूस पंधरवड्यात शेताच्या धुऱ्यावर उभा दिसतो, आणि घरच्यांना वाटतं की आता नळी बसली, काम झालं. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर धमनीचं आतलं अस्तर चढायला महिने लागतात, आणि तोवर प्लेटलेटच्या लेखी ती उघडी परकी वस्तू असते. म्हणून दोन गोळ्या एकत्र देतात: ॲस्पिरिन, आणि सोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. अटॅकनंतर बसवलेल्या स्टेंटला ही जोडी साधारण वर्षभर, अटॅक नसताना बसवलेल्याला बहुधा सहा महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर ती मुदत एक ते तीन महिन्यांवरही आणतात. मुदतीआधी दोन्ही गोळ्या बंद झाल्या आणि स्टेंट गुठळीने भरला, तर येणारा अटॅक सहसा मोठा असतो. छोट्या लकव्यानंतर मात्र ही जोडी साधारण २१ दिवसच चालते, पुढे एकच गोळी. शेजाऱ्याचं वर्ष आणि आपले एकवीस दिवस यांची सरमिसळ गावात सर्रास होते, आणि दोन्ही बाजूंनी चूक होते.

आता पट्ट्यांचा हिशेब. ॲस्पिरिनची पट्टी बहुधा १४ गोळ्यांची येते, क्लोपिडोग्रेलची १० किंवा १५ ची. दोन्हीच्या दोन-दोन पट्ट्या एकाच दिवशी आणल्या तर एक २८ दिवसांत सरते, दुसरी २० किंवा ३० दिवसांत. माणूस सरलेली तेवढी आणायला जात नाही. "दोन्ही सरल्यावर एकदमच जाऊ" म्हणून एका गोळीवर दिवस काढतो. या खाड्याचं कारण आळस नाही, नुसतं गणित जुळत नाही. तीन महिन्यांसाठी ॲस्पिरिनच्या सात पट्ट्या घेतल्या की ९८ गोळ्या होतात, आणि १५ ची क्लोपिडोग्रेल असेल तर सहा पट्ट्यांच्या ९०. चुकारे आले, हातात पैसा आला की पहिल्यांदा हे उचलून ठेवावं. जन औषधी केंद्रातल्या गोळ्या चालतात, त्यात कमीपणा काही नाही. सरकारी दवाखान्यातून ज्या मिळतात त्या घ्याव्यात, पण तिथे साठा संपला तर "पुढच्या आठवड्यात या" या उत्तरावर घरी बसू नये. तेवढ्या आठवड्याच्या गोळ्या दुकानातून घ्याव्यात.

पट्टी वाचता आली पाहिजे. ॲस्पिरिनच्या नावामागे नुसतं ७५ किंवा १५० असेल तर ती एकटी ॲस्पिरिन. "एव्ही" लिहिलं असेल तर सोबत कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन आहे. "गोल्ड" असेल तर त्याच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तिन्ही असतात. नागपूरच्या डॉक्टरने गोल्ड लिहून दिली, तालुक्याच्या डॉक्टरने जुनी क्लोपिडोग्रेल चालू ठेवली, आणि घरात दोन्ही रोज पोटात जात आहेत, हे पाहायला फार शोधावं लागत नाही. गोळ्या सगळ्या एका पिशवीत घालून दर तपासणीला ती पिशवीच टेबलावर उपडी करावी. सगळ्या गोळ्या समोर दिसल्या की अशी जोडगोळी लगेच पकडली जाते. आणि एक वेगळीच गोळी आहे जिलाही लोक "रक्त पातळ करायची" म्हणतात: वॉरफेरिन किंवा असिट्रोम. ती प्लेटलेटवर काम करत नाही, तिची मात्रा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या आयएनआर तपासणीवर ठरते, आणि ती कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या रुग्णांना देतात. एकीच्या जागी दुसरी देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

साठवणीची गोष्ट मे महिन्यात कळते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखाली कोनाडा त्याहून तापतो. ॲस्पिरिनला उष्णतेपेक्षाही ओल जास्त बाधते. ओल लागली की ती फुटून तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. डबी उघडल्यावर चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा आंबट वास आला तर ती गोळी गेली असं समजावं. माठाशेजारचा थंड कोनाडा म्हणूनच वाईट. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नयेत. आठवड्याची वाटणी करायचीच असेल तर पट्टी कात्रीने कापावी, गोळी वेष्टनातच राहू द्यावी, आणि नाव-मुदत छापलेली कड शेवटपर्यंत जपावी. बिननावाची सुटी गोळी दुकानदारालाही ओळखता येत नाही.

या गोळ्यांची खरी वैरीण मात्र दुसरीच एक गोळी आहे, आणि ती प्रत्येक किराणा दुकानात मिळते. सोयाबीन सोंगून, कापूस वेचून, निंदण करून कंबर मोडते. मग रात्री दोन रुपयांची "अंगदुखीची" गोळी घेतली जाते. वेष्टनावर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांपैकी काहीतरी असतं, किंवा कागदाच्या पुडीत काहीच लिहिलेलं नसतं. त्यातल्या बहुतेक गोळ्या पोटाच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात. ॲस्पिरिन तेच थोडं आधी करून बसलेली असते. वर प्लेटलेट मुक्या असल्यामुळे जठरात जखम झाली तर रक्त थांबत नाही. दोन्ही मिळून पोटातल्या रक्तस्रावाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. आयबुप्रोफेनची आणखी एक खोड आहे. प्लेटलेटमधल्या ज्या जागी ॲस्पिरिन बसायची तिथे ती आधी जाऊन बसते, आणि ॲस्पिरिन रिकाम्या हाताने परत जाते. गोळी पोटात गेली, पण उपयोग झाला नाही. कधी नाइलाजाने आयबुप्रोफेन घ्यावीच लागली, तर साधी ॲस्पिरिन आधी आणि तिच्यानंतर किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन, किंवा आयबुप्रोफेन घेऊन आठ तास उलटल्यावर ॲस्पिरिन, हा क्रम सांगितला जातो. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीला हा हिशेबही नीट लागू पडत नाही. त्यापेक्षा तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

मग अंग दुखलं तर काय? पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक, जास्त दुखत असेल तर दोन, दोन वेळांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून, आणि दिवसाला सहा गोळ्यांच्या, म्हणजे तीन ग्रॅमच्या, आत. रोज पिणाऱ्याने आणि यकृत बिघडलेल्याने याहून बरीच कमी, डॉक्टरला विचारून. पण वेष्टनावर फक्त पॅरासिटामॉल लिहिलेलं हवं. "पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक" अशा जोडगोळ्या त्याच रंगात मिळतात. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी, वरून चोळायचा मलम, एवढ्यावर भागत असेल तर उत्तमच. गावात येणाऱ्या डॉक्टरकडे "एक सुई मारून द्या जी" म्हणण्याआधी आपण ही गोळी घेतो हे सांगायला हवं. ती सुई बहुधा डायक्लोफेनॅकचीच असते, आणि स्नायूत दिलेल्या सुईच्या जागी रक्त साकळून गाठ येते. सुई घ्यावीच लागली तर जागा चोळू नये, पाच-दहा मिनिटं कापसाने दाबून धरावी. वातावर देतात त्या काळ्या-तपकिरी पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं निघतं, त्यांच्यापासून तर चार हात दूर. मोहाची दारूही याच यादीत बसते. तिने जठर सोलतं, आणि पिऊन धडपडलेल्या माणसाच्या डोक्यातला मार या गोळ्यांवर जास्त घातक ठरतो.

पोटासाठी वेगळी गोळी सगळ्यांना लागत नाही. वय ६५ च्या वर आहे, पूर्वी अल्सर झाला आहे, दोन गोळ्या एकत्र चालू आहेत किंवा स्टेरॉइड चालू आहे, अशांना ती बहुधा देतात. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं एक विकर तिला जागं करतं, आणि या दोघी नेमक्या त्याच विकराला अडवतात. पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळी जेवणाआधी अर्धा तास, ही सोयीची निवड. दुकानात "ॲसिडिटीची द्या" एवढंच म्हटलं तर हाताला येईल ती पट्टी मिळते, म्हणून नाव घेऊन मागावं. ॲस्पिरिनच्या आवरणावर फार भिस्त ठेवू नये. आवरणामुळे गोळी जठरात विरघळत नाही, जळजळ कमी वाटते, पण रक्तात गेल्यावर ती पोटाच्या अस्तराला जो उपद्रव करायचा तो करतेच. हे आवरण मोडू नये म्हणून रोजची गोळी चावायची नाही, कुटायची नाही, पाण्यासोबत अख्खी गिळायची.

उपासाचं काय, हा प्रश्न श्रावणात आणि नवरात्रात येतो. पाण्यासोबत घेतलेल्या गोळीने कोणाचा उपास मोडत नाही, आणि मोडतो असं वाटत असेल तर फराळाच्या वेळी, केळं-दुधानंतर ती घ्यावी. वेळ महत्त्वाची नाही, रोज घेणं महत्त्वाचं. रोजे धरणाऱ्यांनी टिकाग्रेलॉरसारख्या दोन वेळच्या गोळीबद्दल रमजान लागण्याआधीच डॉक्टरशी बोलून सेहरी-इफ्तारचा मेळ बसवावा. सकाळची गोळी विसरली आणि संध्याकाळी आठवली तर तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाची एकच, दोन नाहीत. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं वाटतं. बहुधा ते त्रासदायक असलं तरी घातक नसतं, मात्र त्याचं कारण ठरवायचं काम डॉक्टरचं. तो गोळी बदलून देऊ शकतो. आपण मनानेच बंद केली की बदली गोळी मिळण्याआधीचे दिवस उघडे पडतात.

रक्तस्राव कसा ओळखायचा? हिरड्यांतून थोडं रक्त, दंडावर निळसर डाग, दाढी करताना लागलं तर ते जरा उशिरा थांबणं, हे होतंच. तेवढ्यावरून गोळी बंद करायची नाही. खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या तर गोळीशिवायही रक्ताळलेल्या असतात, मग दोष गोळीला लागतो. आणि तंबाखूने प्लेटलेट चिकट होतात, म्हणजे एका खिशात ॲस्पिरिन आणि दुसऱ्यात खर्ऱ्याची पन्नी हे दोघं एकमेकांविरुद्ध कामाला लागलेले असतात. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. चहाच्या चोथ्यासारखी किंवा लाल उलटी. लाल लघवी. उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी आणि अंगाला थंड घाम. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. गावात अडचण अशी की पहाटेच्या अंधारात परसाकडे जाणारा माणूस पाहतच नाही. अंगणात संडास आहे, पण दिवा नाही, अशी घरंही कमी नाहीत. या गोळ्या चालू असणाऱ्याने आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी उजेडात पाहावं. काळी चिकट शौच दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोळी थांबवायची की नाही हे तिथे ठरेल, विशेषतः स्टेंट असेल तर.

उन्हाळ्यात घोळणा फुटणं विदर्भात नवीन नाही. कांदा फोडून नाकाशी धरतात, मान मागे टाकून झोपवतात, आणि रक्त घशात उतरून पोटात जातं. बसवावं, मान जराशी पुढे, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत धरून सलग पंधरा मिनिटं दाबावा, मध्ये सोडून पाहायचं नाही, आणि श्वास तोंडाने घ्यावा. विळा-कोयत्याच्या जखमेलाही हेच: स्वच्छ फडकं, पंधरा मिनिटं घड्याळ लावून दाब, हात शक्यतो उंच. हळद-तंबाखू भरून गाडी पकडण्यापेक्षा दाबत दाबत दवाखान्यात जाणं बरं. डोक्याला मार लागला, बैलाने ढकललं, मोटारसायकलवरून पडलं, तर बाहेर जखम दिसत नसली तरी दाखवावं. मेंदूत सावकाश झिरपणारं रक्त दिवसांनी बोलतं. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठण्याची यंत्रणाच विष मोडतं. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांनी पाहतात ती चाचणी प्लेटलेट मुक्या आहेत का ते सांगत नाही, म्हणून "आमचा माणूस ॲस्पिरिन घेतो" हे तोंडानेच सांगावं लागतं.

गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं होतात, दातांची होतात, आणि तिथे एक सरसकट सूचना ऐकू येते: रक्त पातळ करायची गोळी आठ दिवस बंद. थेंब टाकून होणाऱ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा ती बंद करावी लागत नाही. एक-दोन दात काढायलाही नाही. जागेवर गॉजची घडी अर्धा तास दाबून, टाका घालून रक्त थांबवता येतं. मोठ्या शस्त्रक्रियेआधी टिकाग्रेलॉर तीन ते पाच दिवस, क्लोपिडोग्रेल पाच दिवस, प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवतात आणि ॲस्पिरिन बऱ्याचदा चालूच ठेवतात. पण हे आकडे आपण वापरायचे नाहीत. ते ठरवताना शस्त्रक्रिया करणारा आणि स्टेंट बसवणारा यांचं बोलणं व्हायला हवं, निदान फोनवर. शिबिरात नाव नोंदवतानाच स्टेंटची तारीख सांगितली तर हा घोळ आधीच मिटतो.

पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू येतो. ताप आला म्हणून अंगदुखीची गोळी घेणं हे कोणालाच चालत नाही, आणि जो आधीच ॲस्पिरिनवर आहे त्याच्या प्लेटलेट मुक्याही आणि घटलेल्याही असा दुहेरी फटका बसतो. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, पाणी भरपूर, आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशीच रक्ताची तपासणी करून डॉक्टरला सांगणं. चौथ्या ते सहाव्या दिवशी ताप उतरतो तेव्हाच खरी जोखीम असते, त्यामुळे प्लेटलेटची मोजणी रोज. स्टेंट ताजा असेल तर प्लेटलेट कितीवर आल्या की ॲस्पिरिन थांबवायची हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाशिवाय घेऊ नये. आणि मुलांना, तापात, ॲस्पिरिन कधीच नाही.

छातीत कळ आणि लकवा या दोन प्रसंगी लोक एकच गोष्ट करतात, गोळी देतात. पहिल्यात ती बरोबर आहे, दुसऱ्यात चूक. छातीवर दगड ठेवल्यासारखं दाबून आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, तर ओवा-सोडा देऊन वीस मिनिटं वाट पाहायची नाही. लगेच १०८ ला फोन, आणि ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चावून: ७५ च्या चार किंवा १५० च्या दोन. त्या दिवसाची गोळी सकाळी झालेली असली तरी. आवरणाची गोळी एरवी चावत नाहीत, या वेळी मात्र चावायचीच, कारण अख्खी गिळली तर तास निघून जातात. ज्याला ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, ॲस्पिरिनने दमा उठतो, किंवा रक्ताची उलटी-काळी शौच चालू आहे, त्याला नाही. मग ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो तिथे, आणि किती वाजता काय दिलं ते सांगायचं.

तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोबडं बोलू लागला, तर ॲस्पिरिन द्यायची नाही, पाणीही पाजायचं नाही. मेंदूची धमनी बंद झाली की फुटली हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, सीटी स्कॅन लागतो. फुटलेल्या धमनीवर ॲस्पिरिन दिली तर आगीत तेल. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून तेल चोळण्यात वेळ न घालवता सीटी असलेल्या रुग्णालयाची वाट धरायची, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवायची. गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर सातांतला एक मृत्यू लकव्याने झालेला होता, मृत्यूच्या सगळ्या कारणांत लकवा पहिला. त्यामागे मोठा हात न मोजलेल्या, न आवरलेल्या रक्तदाबाचा असतो. ॲस्पिरिन रोज चालू आणि रक्तदाब १८० वर, ही जोडी तर फारच वाईट. गुठळी टाळण्याच्या नादात मेंदूत रक्तस्राव होतो. दाब १४०/९० च्या खाली असला पाहिजे, जमल्यास १३०/८० च्या. उपकेंद्रात किंवा आशाताईंमार्फत तो मोजून घेता येतो.

आणि ज्याला अटॅक आला नाही, लकवा झाला नाही, स्टेंट नाही, तो केवळ "वय झालं, रक्त जाड झालं असेल" म्हणून ही गोळी घेत असेल, तर त्याने ती का घेतोय हे डॉक्टरला विचारावं. सत्तरीपुढच्या निरोगी माणसांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, १९ हजारांवर लोकांत, रोजच्या ॲस्पिरिनने हृदयविकार कमी झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. एकाच घरात ज्याला गरज आहे तो सोडून बसतो आणि ज्याला नाही तो बायकोच्या पट्टीतली खातो. अर्जुनाच्या सालीचा काढा घेणारे घेवोत, पण तो या गोळीच्या जागी नाही.

खिशातल्या कागदावर चार ओळी पुरतात. गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम. स्टेंट किंवा लकव्याची तारीख. दुसरी गोळी कोणत्या महिन्यात बंद होणार. लिहून देणाऱ्या दवाखान्याचा फोन. शेवटून दुसरी ओळ बहुतेक कागदांवर नसते, आणि त्यामुळे कोणी वर्षाच्या गोळ्या तीन महिन्यांत सोडतो, तर कोणी एकवीस दिवसांच्या तीन वर्षं खात राहतो. सुटी देतानाच्या कागदावर ती मुदत लिहिलेली नसेल तर तिथेच, बिलाच्या खिडकीवरून परत फिरून, विचारून लिहून घ्यावी.